सुईचा धोका घरापर्यंत येतो

अभ्यासपाठ
शास्त्रभाग : मार्क १:४०-४५. हा भाग आधी मोठ्याने वाचावा, मग पाठ घ्यावा.

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

आपल्या त्रैमासिकात वसतिगृहे, बालवाड्या, पाण्याच्या टाक्या यांविषयी आपण नेहमी वाचता आणि त्यांसाठी प्रार्थना करता. या वेळचा विषय तसा सोपा नाही. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये लैंगिक संबंधातून कोणते आजार पसरतात, आणि ते त्यांच्या पत्नींपर्यंत व लेकरांपर्यंत कसे पोहोचतात, असा तो विषय आहे. संपादकांनी मला विचारले, "ताई, हे मंडळीत वाचता येईल का?" मी म्हटले, वाचता यावे म्हणूनच लिहिते. हा विषय बोलायची मला लाज वाटली होती, आणि त्या लाजेची किंमत मी नाही, दुसऱ्याच एका बहिणीने मोजली.

१. शास्त्रभाग काय सांगतो

एक कुष्ठरोगी येशूकडे येतो आणि गुडघे टेकतो. तुमची इच्छा असेल तर मी शुद्ध होईन, एवढेच तो म्हणतो. येशूला त्याचा कळवळा येतो. नियमाप्रमाणे ज्याच्या जवळही जायचे नाही, त्याला तो हात लावतो. तो बरा झाल्यावर येशू त्याला दोन गोष्टी बजावतो. एक, हे कोणाला सांगत फिरू नको. दुसरी, जाऊन याजकाला स्वतःला दाखव. त्या काळी कुष्ठ गेले की नाही हे तपासून ठरवणे याजकाचे काम होते. लेवीय १४ मध्ये त्याची सगळी रीत दिली आहे.

येशूने गप्प राहायला का सांगितले याची कारणे शास्त्राचे अभ्यासक वेगवेगळी सांगतात. त्या वादात मी शिरत नाही. मी फक्त क्रम पाहते : आधी स्पर्श, मग माणसाची गोष्ट झाकणे, मग तपासणीला पाठवणे. आपल्या मंडळ्यांत बहुतेक वेळा उलटे होते. आपण आधी लांब सरकतो, मग गावभर बोलतो, आणि तपासणीचे नावच काढत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करते. आजार म्हणजे पापाची शिक्षा, असे मी म्हणत नाही, आणि येशूनेही या माणसाला तसे म्हटले नाही.

२. मणिपूरचे डोंगर

२०११ ते २०१४ अशी तीन वर्षे मी मणिपूरच्या चुराचांदपूर भागात नशामुक्तीच्या कामात होते. तिथले लोक त्या गावाला लामका म्हणतात. डोंगरातले बहुतेक आदिवासी तिथे ख्रिस्ती आहेत. वस्तीवस्तीत चर्च, रविवारी चारचार आवाजांत गाणारी गायकमंडळी, आणि दशांश इतका नेमाने की आपण लाजावे. आदिवासींकडे आपण शिकवायला जातो अशी आपल्याला सवय आहे. मी तिथे बरेच काही शिकून आले.

आणि त्याच वस्त्यांत सुई होती. म्यानमारची सरहद्द जवळ, त्या बाजूने हेरॉईन येते. त्याला तिथे 'नंबर फोर' म्हणतात. ते मिळाले नाही की दुखण्यावरच्या कॅप्सूल फोडून, पाण्यात कालवून शिरेत घेत. त्यामुळे हातापायांना खोल जखमा होत, आणि काहींचे पाय कापावे लागत.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत सापडला. मणिपूरमध्ये सुईने नशा करणाऱ्यांच्या रक्तात १९८९ च्या सप्टेंबरपर्यंत तो आढळला नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये तो आढळला. एकच सिरिंज पाचसहा जणांच्या हातांतून जात होती, म्हणून तो इतक्या वेगाने पसरला.

पुढची गोष्ट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. १९९६-९७ मध्ये मणिपूरमध्ये एक अभ्यास झाला. ज्यांना एचआयव्ही आहे अशा, सुईने नशा करणाऱ्या पुरुषांच्या पत्नी तपासल्या गेल्या. या स्त्रियांनी स्वतः कधी सुई घेतलेली नव्हती. त्यांच्यातील सुमारे ४५ टक्के जणींना लागण झाली होती. या बहिणी चर्चला जाणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या, नवऱ्याशी एकनिष्ठ होत्या. त्यांनी नशा केली नाही की व्यभिचार केला नाही. त्यांचे फक्त लग्न झाले होते.

आजची आकडेवारीही पाहा. सरकारी अंदाजानुसार देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. मिझोराममध्ये ते २.७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे देशात सर्वांत जास्त. त्याच मिझोराममध्ये २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८७ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. म्हणून हा बाहेरच्या लोकांचा प्रश्न नाही. हे ख्रिस्ताच्या शरीराचेच दुखणे आहे.

३. मी काय केले नाही

ही गोष्ट त्या बहिणीच्या परवानगीने लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आमच्या केंद्रात सव्वीस वर्षांचा एक तरुण होता. गिटार उत्तम वाजवायचा. सतराव्या वर्षापासून सुई घेत होता. आमच्याकडे सात महिने नशेशिवाय राहिला, तरुण संघात गाऊ लागला. त्याची आई म्हणाली, लग्न करून दिले की पाय घरात राहील. पाळकांना पटले. मलाही पटले. मुलीकडचे चौकशीला आले तेव्हा त्यांनी मलाच विचारले, "मुलगा कसा आहे?" मी म्हणाले, "आता चांगला आहे. देवाने त्याला सोडवले आहे."

मी खोटे बोलले नव्हते. पण त्याची रक्ततपासणी झाली आहे का, हे मी त्याला कधी धड विचारलेच नव्हते. तपासणी केंद्रासाठी चिठ्ठी दिली होती. तो गेला की नाही ते पाहिले नाही. सुईबद्दल मी त्याच्याशी तासन् तास बोलले होते. शरीरसंबंधाबद्दल एकदाही नाही. मी बाईमाणूस, तो तरुण मुलगा, वर मिशनचे काम. कसे बोलायचे, असे मनाला समजावले.

लग्नानंतर अकरा महिन्यांनी ती गरोदरपणाच्या तपासणीला सरकारी रुग्णालयात गेली. तिथे तिला कळले. मग त्याची तपासणी झाली. एचआयव्ही होता आणि हिपॅटायटिस सी सुद्धा.

ती मला भेटायला आली. हिंदीत बोलायची, थांबत थांबत. म्हणाली, "सिस्टर, तुम्हाला माहीत होते का?"

मी म्हणाले, "नाही गं."

बराच वेळ ती चहाच्या कपाकडे पाहत बसली. मग म्हणाली, "तुम्ही विचारले असते तर माहीत झाले असते."

या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पाठ लिहिताना तिला विचारले तेव्हा तिने निरोप पाठवला : माझी दया येईल असे लिहू नका. लोक विचारायला शिकतील असे लिहा.

४. धोका घरापर्यंत कसा येतो

(अ) सुई दिसते, संबंध दिसत नाही. नशा सुटली की आपण धोका गेला असे धरतो. पण विषाणू रक्तात आधीच आलेला असू शकतो, आणि वर्षानुवर्षे काही लक्षण दिसत नाही. माणूस धडधाकट दिसतो, गातो, काम करतो.

(आ) घरात निरोध वापरला जात नाही. बाहेर वापरणारा पुरुषही पत्नीजवळ वापरत नाही. पत्नीने मागितला तर संशय, नाही मागितला तर धोका. नशेच्या अमलात असताना तर सावधपणा राहतच नाही.

(इ) दुसरे गुप्तरोग वाट मोकळी करतात. गरमी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गनोरिया, यांसारख्या आजारांत जखम किंवा सूज असते. त्यातून एचआयव्ही सहज शिरतो. स्त्रियांमध्ये हे आजार पुष्कळदा लक्षणांशिवाय राहतात, म्हणून उपचार होत नाहीत. सिफिलिस वेळीच सापडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने बरा होतो.

(ई) नशा करणाऱ्या स्त्रिया सर्वांत जास्त लपलेल्या असतात. पुष्कळ जणींना पहिली सुई नवऱ्याने किंवा मित्राने दिलेली असते. आधी तो घेतो, मग त्याच सिरिंजने ती. पैसे संपले की काही जणींना शरीर विकावे लागते, आणि गरज कडक असली की गिऱ्हाइकाला निरोधाचा आग्रह धरता येत नाही. हेरॉईनमुळे काही जणींची पाळी थांबते. मूल राहणार नाही असे त्यांना वाटते, तरी दिवस जातात आणि ते उशिरा कळते.

(उ) हिपॅटायटिस बी आणि सी. या काविळी यकृताला धरतात. बी लैंगिक संबंधातूनही सहज पसरते. सी मुख्यतः रक्तातून, म्हणजे सिरिंज, कापूस, पाणी, नशा कालवायचे झाकण वाटून घेतल्याने पसरते. नुसती सुई बदलून पुरत नाही, हे लक्षात ठेवावे.

काय केल्याने लागण होत नाही, हेही सांगते : हात मिळवणे, एका ताटात जेवणे, एकाच बाकावर बसणे, प्रभुभोजनाचा प्याला. प्याल्याच्या भीतीने कोणाला मागच्या बाकावर बसवू नका.

५. उपाय आहेत

तपासणी. सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. धोका नुकताच झाला असेल तर पहिल्या तपासणीत विषाणू सापडेलच असे नाही. तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

औषध. भारतात सरकारी केंद्रांत एआरटी २००४ पासून मोफत मिळते. रोज औषध घेतले आणि रक्तातील विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी होऊन तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आईने औषध घेतले तर बाळ वाचू शकते. त्या बहिणीचे बाळ अठरा महिन्यांच्या शेवटच्या तपासणीत निगेटिव्ह आले. आता ते शाळेत जाते. ती स्वतः औषध चुकवत नाही.

बाहेर धोका झाला असेल, सुईचा किंवा संबंधाचा, तर ७२ तासांच्या आत रुग्णालयात जाऊन २८ दिवसांचे औषध सुरू करता येते. जितके लवकर तितके चांगले.

हिपॅटायटिस. बी ला लस आहे. मोठ्या माणसांना साधारणपणे तीन डोस देतात, आणि बाळाला पहिला डोस जन्मल्यावर २४ तासांत द्यावा. सी ला लस नाही, पण बहुतेक रुग्ण सुमारे १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे. त्या तरुणाच्या वेळी तो नव्हता. यकृत निकामी होऊन तो लग्नानंतर तीन वर्षांत गेला.

स्वच्छ सुई आणि बदली औषध. सरकारी कार्यक्रमातून नशा करणाऱ्यांना नवीन सुया-सिरिंज दिल्या जातात, आणि हेरॉईनच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन दिले जाते. आपल्या लोकांना इथेच अडखळायला होते. मलाही झाले होते. नशा करणाऱ्याच्या हातात सुई द्यायची? पण मणिपूरने १९९६ मध्ये स्वतःचे एड्स धोरण केले तेव्हा याच उपायांना जागा दिली, कारण दुसरा मार्ग त्यांनी पाहिला होता : सशस्त्र गटांनी नशा करणाऱ्यांच्या पायात गोळ्या घातल्या, आणि त्याने नशा थांबली नाही, माणसे फक्त अंधारात गेली. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला आधी विचारले नाही की तू या रस्त्याने का आलास. आधी पट्टी बांधली. मेलेला माणूस पश्चात्ताप करू शकत नाही, आणि त्याची पत्नी तर कुठल्याच रस्त्याने गेलेली नसते.

६. मंडळीने काय करावे

स्पर्श करा. नशामुक्तीहून आलेल्या मुलाला साक्ष द्यायला लगेच उभे करू नका. आधी त्याच्या घरी जा, त्याच्या पत्नीशी किंवा आईशी वेगळे बोला. महिला मंडळातील एकदोघी बहिणींनी हे काम शिकून घ्यावे. गरोदर बहिणीबरोबर कोणीतरी दवाखान्यात जावे.

झाका. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि त्याची स्थिती उघड करता येत नाही. जोडीदाराला कोणी आणि कसे सांगायचे याचीही रीत त्यात दिली आहे. ते काम डॉक्टर आणि समुपदेशकांचे. पाळकाने कोणाचा रिपोर्ट मागू नये. प्रार्थनासभेत नाव घेऊन "या भावाच्या आजारासाठी" अशी प्रार्थना करणे हीसुद्धा वाच्यता आहे. प्रभूला नाव माहीत असते.

पाठवा. लग्न ठरले की घोषणा वाचण्यापूर्वी पाळकांनी दोघांना बसवून सांगावे, की आपल्या मंडळीत प्रत्येक जोडप्याला तपासणीचा सल्ला दिला जातो. दोघे मिळून, आपल्या इच्छेने जा, निकाल तुमचा तुमच्याजवळ. सगळ्यांनाच सांगितले की कोणा एकावर संशय येत नाही. आणि "लग्न झाले की सुधारेल" हे वाक्य आपल्या तोंडून कायमचे जावे. लग्न म्हणजे नशेचे औषध नव्हे. आपण एकाची लेक दुसऱ्याच्या मुलाला सुधारायला पाठवतो, आणि त्याला देवाची इच्छा म्हणतो.

७. हे आपल्यापासून लांब नाही

मुंबई-पुण्यातल्या आपल्या मंडळ्यांत ईशान्येकडची मुलेमुली उपासनेला येतात. हॉटेलांत, दुकानांत, ब्यूटी पार्लरमध्ये ती काम करतात. घरापासून लांब आहेत. त्यांच्याविषयी संशय धरण्यासाठी हा पाठ नाही. बहुतेकांचा नशेशी काही संबंध नाही. पण एखाद्याने विश्वासाने काही सांगितले तर आपण ऐकायला तयार असावे. मुंबईतही सुईने नशा करणारे आहेत, आणि ते मराठीही बोलतात. आपल्या पाड्यांवर अजून दारूचाच प्रश्न मोठा आहे. तरी नवऱ्याच्या व्यसनाचा धोका घरातल्या बाईच्या शरीरावर येतो, हे तिथेही तितकेच खरे आहे.

२०२३ च्या मे महिन्यापासून मणिपूरने हिंसाचार भोगला. हजारो माणसे घरे सोडून छावण्यांत गेली. माझ्या ओळखीच्या कित्येक घरांत आज कोणी राहत नाही. त्या लोकांना विसरू नका.

चर्चेसाठी प्रश्न

१. येशूने त्या माणसाला हात लावला. आपल्या मंडळीत आज कोणाला हात लावायला आपण कचरतो?
२. आपल्याकडे कोणी विश्वासाने आजार सांगितला, तर ती गोष्ट किती जणांपर्यंत जाते? प्रामाणिकपणे उत्तर द्या.
३. लग्नापूर्वी तपासणीचा सल्ला सर्वांना देण्याचा ठराव आपली मंडळी करू शकेल का? अडचण कोणती वाटते?
४. आपल्या जवळचे तपासणी केंद्र कोठे आहे? पुढच्या सभेपर्यंत एकाने जाऊन माहिती आणावी.

माहितीसाठी : एड्सविषयी राष्ट्रीय मोफत दूरध्वनी १०९७. व्यसनमुक्तीसाठी १४४४६.

प्रार्थनेचे विषय

नशेत अडकलेल्या तरुणांसाठी आणि नशा सोडून पुन्हा घसरलेल्यांसाठी. ज्या पत्नींना अजून माहीत नाही त्यांच्यासाठी. मणिपूर, नागालँड व मिझोराममधील आरोग्यसेवकांसाठी, औषधे खंडित होऊ नयेत म्हणून. आणि आपल्यासाठी, की योग्य वेळी, योग्य माणसाला, प्रेमाने विचारण्याचे धैर्य प्रभूने आपल्याला द्यावे.

प्रभूच्या सेवेत आपली,
एक सहसेविका